पंचविसावा गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गेल्या माघातली गोष्ट. गुरुप्रतिपदेच्या उत्सवाला नृसिंहवाडीला गेलो होतो. रात्रीची पालखी झाली, गर्दी पांगली, आणि आम्ही दोघे-तिघे जुने वारीचे सोबती घाटाच्या पायरीवर टेकलो. समोर कृष्णामाई. मी सहज मांडी घालून बसलो. आमच्यातले आप्पा वयानं ऐंशीच्या पुढचे, पौर्णिमा सहसा चुकवत नाहीत. माझ्या मांडीकडं बघत म्हणाले, "मास्तर, तुमचं ते योगासनाचं चालू आहे वाटतं अजून?"

मी म्हटलं, "आहे की."

"एक विचारू का? राग मानू नका. देह आज ना उद्या जायचाच आहे. महाराजांच्या पायाशी आल्यावर तरी देहाचे एवढे लाड कशाला? ही देहबुद्धीच नव्हे का?"

मी हसून वेळ मारून नेली. उत्तर माझ्यापाशी नव्हतं असं नाही. पण ते द्यायचं तर घरातली एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि तेवढा धीर त्या रात्री झाला नाही. दत्तजयंतीच्या या अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून मंडळींचा आग्रह झाला, तेव्हा ठरवलं की आप्पांना द्यायचं राहिलेलं उत्तर इथंच द्यावं.

आधी लाडांचं सांगतो. मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. उभं राहून शिकवायची सवय. निवृत्तीनंतर दोन वर्षांत गुडघ्यांनी असहकार पुकारला. त्या मार्गशीर्षात गुरुचरित्राच्या सप्ताहाला बसलो. पहिले दोन दिवस दात आवळून काढले. तिसऱ्या दिवशी वाचन संपल्यावर पाटावरून उठताच येईना. मुलगा सुट्टीला आला होता, त्यानं काखेत हात घालून उभं केलं. चौथ्या दिवसापासून पोथी टेबलावर आणि मी खुर्चीत. महाराजांपुढं खुर्ची टाकून बसायचं, याची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

आमच्या गुरुजींनी धीर दिला. म्हणाले, "पारायण गुडघ्यानं करायचं नसतं, मनानं करायचं असतं." ते खरंच. पण गुडघा ठणकत असला की मनही त्याच्याशीच जाऊन बसतं, हाही माझा अनुभव. ओवी तोंडात आणि लक्ष गुडघ्यात!

पुढं वाचताना कळलं की ही माझी एकट्याची रड नाही. पतंजलींनी योगसूत्रांत साधनेतले नऊ अडथळे मोजले आहेत, आणि त्यांत पहिलं नाव व्याधीचं आहे. संशय, आळस, भ्रम हे सगळे नंतर. त्या अडथळ्यांबरोबर येणारे सोबतीही त्यांनी सांगितलेत: दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची ओढाताण. शरीर आणि मन हे दोन वेगळे भाडेकरू नव्हेत, एकाच घरात राहणारी माणसं आहेत. एकाला ताप आला की दुसऱ्याला झोप नाही, हे त्या ऋषींना पुरतं ठाऊक होतं. कालिदासानंही कुमारसंभवात तप करणाऱ्या पार्वतीला हाच विचार ऐकवला आहे, की धर्म करायचा तर त्याचं पहिलं साधन हे शरीरच. आणि ऐकवतो कोण, तर बटूच्या वेशात आलेले साक्षात शंकर.

तर मी योगवर्गात जायला लागलो. शिकवणारे सर वयानं माझ्याहून लहान, पण मोठे सबुरीचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला पद्मासन दाखवलंच नाही. भिंतीला पाठ लावून ताठ उभं राहायला सांगितलं. मग खुर्चीचा आधार घेऊन टाचा उचलायच्या, खाली टेकवायच्या. मी मनात म्हटलं, हा काय योग? पण महिन्याभरात जिना चढताना कठड्याला हात लावावा लागेना. सर समजावून सांगायचे की गुडघ्याची झीज आसनांनी भरून येत नाही, पण गुडघ्याभोवतालचे मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा भार हलका होतो. तोल सुधारतो, आणि आपल्या वयात तोल गेला की बरंच काही जातं. खुर्चीबद्दलही त्यांनीच माझी लाज घालवली. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, पट्टा, लोड, विटा यांच्या आधारानं आजारी आणि वयस्क माणसांकडून आसनं करून घेतली, हे त्यांच्याकडून कळलं. आधार घेणं ही हार नव्हे.

श्वासाचं तर नवलच. एरवी आपण मिनिटाला बारा ते अठरा श्वास घेतो. तोच श्वास सावकाश करत सहाच्या आसपास आणला, आणि घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दिला, की हृदयाची गती उतरते आणि ताठलेलं अंग सैल पडतं. मेंदूकडून छाती-पोटाकडं जाणारी एक मोठी नस आहे, ती शरीराला 'आता धोका नाही, विसावा घे' असा निरोप देते, असं डॉक्टर सांगतात. ही नुसती श्रद्धेची बाब राहिलेली नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि क्ष-किरण यंत्र, रक्तदाबाचं यंत्र लावून योगक्रियांची तपासणी सुरू केली. शंभर वर्षं झाली त्याला.

दीड-दोन वर्षांत माझा रक्तदाब आटोक्यात आला. झोप लागायला लागली. तिसऱ्या वर्षी सप्ताहाला पुन्हा पाटावर बसलो आणि सातही दिवस बसलो. त्या दिवशी महाराजांना घातलेला नमस्कार मी विसरणार नाही.

इथवरची गोष्ट सांगायला सोपी आहे. आता अवघड भाग.

शरीर सुधारलं तसा मला ताठा चढला. पासष्टी ओलांडून पद्मासन घालतो याचा ताठा. लग्नकार्यात कुणी कंबर धरून उठलं की मी लगेच उपदेश करायचो. पहाटे पाच ते साडेसहा हा माझा योगाचा वेळ, आणि त्या वेळात घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही हा माझा नियम. कुणी म्हणजे कोण? मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. घरात आम्ही दोघंच. म्हणजे नियम एकट्या हिच्यासाठी.

दोन वर्षांपूर्वीचा श्रावण. रात्रभर पाऊस लागला होता. पहाटे मी चटईवर बसून अनुलोम-विलोम करत होतो. ही परसदारी फुलं काढायला गेली, माझ्याच पूजेची फुलं. शहाबादी फरशीवर शेवाळ धरलेलं. धप्पकन आवाज झाला. मग हाक आली, "अहो."

मला ऐकू आली. हे कबूल करायलाच आज लिहायला बसलोय. ऐकू आली. थोड्या वेळानं पुन्हा, "अहो, येता का जरा?" मग तिसऱ्यांदा, आवाज बारीक. माझी बारा आवर्तनं राहिली होती. मनात आलं, हिला माहीत आहे मी प्राणायामाला बसलोय, तरी हाक मारते. काहीतरी पडलं-सांडलं असेल. मी डोळे उघडले नाहीत. बारा आवर्तनं पुरी केली, तीनदा ओंकार म्हटला, तळहात चोळून डोळ्यांवर ठेवले. सगळं रीतसर. मग उठलो.

परसदारी गेलो तर शेजारची सूनबाई कुंपण ओलांडून आली होती. तिनं हिला उठवून पायरीवर बसवलं होतं. हिचं उजवं मनगट वेडंवाकडं सुजलेलं, आणि फुलांची परडी मात्र मांडीवर नीट. हिनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घातली. एक शब्द बोलली नाही. त्या पोरीसमोर मला फरशीत गडप व्हावंसं वाटलं.

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, स्नायूंत बळ नाही, आजवर काही व्यायाम केलात का? ही हसली. म्हणाली, "वेळ कुठं होता?"

ते दोन शब्द माझ्या काळजात रुतले ते आजतागायत. घरी आल्यावर मी हिशेब मांडला, मास्तरकीची सवय. माझा दीड तास कुठून येत होता? मी चटईवर असताना पाणी तापत होतं, फुलं येत होती, सडा पडत होता, दूध तापून ठेवलं जात होतं. मी उठलो की चहा समोर. माझा योगाचा वेळ हिच्या कामावर उभा होता. तिला चाळीस वर्षांत स्वतःसाठी पाऊण तास मिळाला नव्हता, आणि त्यावर मी कधी हिला विचारलंही नव्हतं.

योगाची अंगं आठ. आसन तिसरं, प्राणायाम चौथं. त्याआधी यम आणि नियम. यमांत पहिली अहिंसा, मग सत्य, मग अस्तेय, म्हणजे चोरी न करणं. मी शाळेत मुलांना हे पाठ करून घेत असे. कुणाची पेन्सिल उचलायची नाही, एवढाच त्याचा अर्थ मला ठाऊक. चोरी वेळेचीही असते, आणि ती घरातल्या घरात होते म्हणून तिला चोरी म्हणत नाहीत, एवढंच. योगसूत्रं १९५ च्या घरात आहेत, त्यांत आसनाबद्दल थेट बोलणारी जेमतेम तीन. आणि मी त्या तिनांवर घर बांधून बसलो होतो, पाया न घालता. दुसऱ्याच्या दुःखाशी करुणेनं वागावं म्हणजे चित्त प्रसन्न होतं, असंही तिथंच सांगितलंय. दुःख परसदारातून हाक मारत होतं आणि मी चित्त प्रसन्न करायला डोळे मिटून बसलो होतो!

मग योग खोटा का? आप्पा म्हणतात तसे नुसते लाड का? नाही. याचं उत्तर मला त्या सहा आठवड्यांत मिळालं.

स्वयंपाक, केर, भांडी, पूजा, सगळं माझ्याकडं आलं. हिला कपडे घालायला मदत, केस विंचरणं, वेणी घालणं. वेणी घालायला मी अडुसष्टाव्या वर्षी शिकलो. पहिल्या आठवड्यात ती वेणी नव्हती, सुंभ होतं. वाकून केर काढताना कंबर साथ देत होती, हिला न्हाणीघरात आधार देताना पाय स्थिर राहत होते. तेव्हा लक्षात आलं की सात वर्षं कमावलेलं हे शरीर पहिल्यांदाच खऱ्या कामाला लागलंय. गुडघे पूर्वीसारखे असते तर मलाच धरायला दुसरं माणूस लागलं असतं.

मनाचंही तेच. एके सकाळी दूध उतू गेलं, पोळी करपली, आणि त्याच वेळी ही आतून काहीतरी सांगायला लागली. जिभेवर शब्द आलाच होता. पण त्याच्या आधी एक क्षण मला जाणवलं की श्वास वर चढलाय, आखूड झालाय. सात वर्षं श्वास मोजल्याचा एवढा फायदा, की तो बिघडला की कळतो. एक श्वास सावकाश सोडला. शब्द आत राहिला. योगानं राग जात नाही, निदान माझा गेला नाही. पण राग आणि जीभ यांच्यामध्ये एका श्वासाची जागा होते. त्या जागेत माणूस स्वतःला सावरू शकतो. मनाला मिळणारा लाभ म्हणतात तो मला तरी एवढाच सापडला, आणि संसारी माणसाला तो पुष्कळ आहे.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, ते आपल्या सर्वांच्या ऐकण्यातलं आहे. पृथ्वी, वायू, आकाशापासून मधमाशी, अजगर, कोळ्यापर्यंत. परंपरा त्या अवधूतात श्रीदत्तप्रभूंनाच पाहते. पण चोवीस सांगून झाल्यावर तो आणखी एक गुरू सांगतो, त्याकडं आपलं लक्ष कमी जातं. तो म्हणतो, हा माझा देहही माझा गुरूच आहे. कारण तो विवेक शिकवतो आणि वैराग्यही. आणि पुढं त्याचं म्हणणं असं, की हा देह शेवटी आपला नव्हेच, तो दुसऱ्यांचा आहे. तो जाणणारा म्हणून त्यात अडकत नाही.

मी हे अनेकदा वाचलं होतं. परसदारच्या त्या पायरीनंतर मला ते निराळं कळलं. देह आपला नाही म्हणून त्याची हेळसांड करायची, असा अर्थ मला लागत नाही. शेजाऱ्याची कढई आणली तर आपण ती घासूनपुसून ठेवतो, परत करताना लाज वाटू नये म्हणून. परक्याची वस्तू जास्त जपायची असते. चूक देह जपण्यात नव्हती, तो 'माझा' म्हणून जपण्यात होती.

देहाची देखभाल करूनही तो एक दिवस जाणार, याबद्दल आप्पांशी माझा वाद नाही. योग म्हणजे आजाराविरुद्ध उतरवलेला विमा नव्हे. रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला, रमण महर्षींच्या हातावर गाठ आली आणि १९५० साली त्यातच त्यांनी देह ठेवला. आपले टेंबे स्वामी महाराज योगात एवढे पारंगत, तरी संग्रहणीचा त्रास त्यांना सोसावा लागला. त्या शरीरानं ते पायी भारतभर फिरले आणि १९१४ साली गरुडेश्वरी समाधिस्थ झाले. देह चांगला होता की वाईट, याची त्यांनी तक्रार मांडली नाही. तो कामाला लावला.

माझ्या वयाच्या वाचकांना अनुभवाच्या दोन गोष्टी सांगतो. आसनं पुस्तक बघून सुरू करू नका, जाणत्या माणसासमोर शिका. रक्तदाब, काचबिंदू, हृदयाचा विकार असेल तर शीर्षासन, जोराचं कपालभाती यांच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर वज्रासनाचा हट्ट नको. चालू औषध आपल्या मनानं बंद करू नका. मी एकदा केलं होतं, डॉक्टरांची बोलणी खाल्ली. खाली बसता येत नसेल तर खुर्चीवर करा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, आपण चटईवर असताना घरात कोण काय करतंय, तेवढं एकदा उठून बघा.

आता आमच्याकडं असं आहे. पाणी मी तापवतो, फुलं मी काढतो. परसदारची फरशी घासून घेतली आणि भिंतीला धरायला गज बसवला. सहा वाजता दोघंही बसतो, पाऊण तासच. ही खुर्चीवर बसते. बोटं उघडझाप, मनगट फिरवणं, हात वर, टाचा वर, मग श्वास. पहिल्या दिवशी तिला इतकं अवघडल्यासारखं झालं, की दर दोन मिनिटांनी "कुकर लावायचाय" म्हणून उठायची. आता उठत नाही. फोन वाजला तर मी उठतो. दारात कुणी आलं तर मी उठतो. राहिलेली आवर्तनं राहतात.

त्या पहाटेबद्दल हिनं मला आजवर कधी बोल लावला नाही. मीच एकदा विषय काढला, म्हटलं, "माझ्या कानावर हाक आली होती." ही म्हणाली, "ठाऊक आहे." एवढंच. मग म्हणाली, "चहा टाका." मला क्षमा मिळाली की नाही ते मी विचारलेलं नाही. विचारायचा अधिकार अजून कमवायचा आहे.

गेल्या सप्ताहात चौथा अध्याय वाचत होतो, दत्तजन्माचा. अत्रिऋषींच्या आश्रमात अतिथी येतात, आणि येतात ते परीक्षा बघायला. अनसूयामाता 'आत्ता माझं व्रत चाललंय, नंतर या' म्हणाली नाही. ती उठली. तिच्या उठण्यातून आपल्याला श्रीदत्तप्रभू मिळाले. इतकी वर्षं ही कथा वाचली, पण त्या दिवशी कंठ दाटला आणि ओवी पुढं सरकेना. समोर ही खुर्चीत बसून ऐकत होती. म्हणाली, "पाणी देऊ का?" आणि उठायला लागली.

मी म्हटलं, "तू बस. मी घेतो."

आप्पा, हे माझं उत्तर. देहाचे लाड नकोत, हे तुमचं म्हणणं मला मान्य. पण कुणी हाक मारली तर उठता आलं पाहिजे, एवढा देह शाबूत हवा. आणि हाक आल्यावर उठावंसं वाटलं पाहिजे, एवढं मन जागं हवं. योगानं पहिलं मला दिलं. दुसऱ्यासाठी महाराजांपाशी रोज मागणं आहे. वाडीला पुन्हा भेटू तेव्हा याही वेळी मी मांडी घालून बसेन. तुम्हाला उठताना हात लागला, तर हाक मारा.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥